फवारणीनंतरच्या एकाच कोलिनेस्टरेज अहवालावरून काय ठरवता येईल?

कपाशी_वणी
नमस्कार. यवतमाळ जिल्ह्यात २०१७ च्या हंगामात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. त्याच पार्श्वभूमीवर पदव्युत्तर प्रबंधासाठी मी कपाशीवर फवारणी करणाऱ्या मजुरांचा अभ्यास आखते आहे. फवारणीचे दिवस, औषधाचे प्रमाण आणि मारलेले पंप विचारून प्रत्येकाचा डोस काढायचा आणि हंगामाच्या शेवटी एकदा रक्तातील कोलिनेस्टरेज (ऑर्गॅनोफॉस्फेट गटातील कीटकनाशके अंगात गेली की ज्याचे काम मंदावते ते विकर, म्हणजे एन्झाइम) तपासायचे, अशी योजना आहे. मार्गदर्शकांना हे पुरेसे वाटते, मला मात्र शंका आहे. जाणकारांनी मत द्यावे.

जीवरसायन
शंका रास्त आहे. माणसामाणसांत या विकराची पातळी इतकी वेगवेगळी असते की एकट्या आकड्याला फारसा अर्थ उरत नाही. समजा, एखाद्याची प्लाझ्मामधील (रक्तद्रवातील) मूळ पातळी ११,००० युनिट प्रति लिटर होती आणि फवारणीनंतर ती ६,००० वर आली. अहवालावर कदाचित ‘सामान्य’ असाच शेरा येईल, पण त्या माणसाने आपली जवळजवळ निम्मी क्षमता गमावलेली असेल. म्हणूनच कॅलिफोर्नियाच्या नियमांत हंगामापूर्वीच्या मूळ पातळीशी तुलना करतात: पातळी मूळच्या ८० टक्क्यांखाली गेली की कामाच्या पद्धतीची चौकशी होते आणि लाल पेशींतील विकर ७० टक्के किंवा त्याहून खाली, अथवा प्लाझ्मातील ६० टक्के किंवा त्याहून खाली गेले, तर कामगाराला फवारणीपासून दूर ठेवतात. आपण पहिला नमुना जूनमध्येच, औषधाला हात लागण्याआधी घ्यावा. शिवाय प्लाझ्मातील विकर यकृत नव्याने तयार करते, त्यामुळे ते काही आठवड्यांत सावरते. लाल पेशींतले मात्र नव्या पेशी येतील तसेच भरून निघते आणि त्या पेशींचे आयुष्य सुमारे १२० दिवसांचे असते. हंगामाच्या शेवटी एकच नमुना घेऊन फक्त प्लाझ्मा तपासलात, तर सप्टेंबरमधला मार हाती लागणार नाही.

शेत_आरोग्य
वरील उत्तराशी सहमत आहे, पण डोसच्या बाजूकडेही पाहावे. पंपांच्या संख्येवरून निघतो तो हाताळलेल्या औषधाचा हिशेब. प्रत्यक्ष अंगात किती गेले, हे गळका पंप, पाठीवर भिजलेला सदरा, वाऱ्याची दिशा आणि छातीपर्यंत वाढलेली कपाशी यांवर ठरते, कारण फवारणीत विष मुख्यतः कातडीतून शिरते. सारखेच पंप मारलेल्या दोघांच्या शरीरातील डोसांत म्हणूनच मोठी तफावत असू शकते. त्यासाठी लघवीतील चयापचयजन्य पदार्थ, म्हणजे औषधाचे शरीरात विघटन होऊन उरणारे पदार्थ, मोजावेत. क्लोरपायरीफॉस या ऑर्गॅनोफॉस्फेट कीटकनाशकापासून तयार होणाऱ्या ट्रायक्लोरोपायरिडिनॉलचे अर्धायुष्य साधारण एका दिवसाचे आहे. म्हणून फवारणीनंतर पुढील एक-दोन दिवसांतच नमुना घ्यावा लागेल. उन्हात राबणाऱ्याची लघवी घट्ट असते, तेव्हा क्रिएटिनिनशी (लघवीतून बऱ्यापैकी स्थिर प्रमाणात बाहेर पडणाऱ्या पदार्थाशी) गुणोत्तर काढणे आवश्यक आहे. अनेक ऑर्गॅनोफॉस्फेट औषधांचा एकत्रित निर्देशक म्हणून लघवीतील डायअल्किल फॉस्फेट हे त्यांचे विघटनजन्य पदार्थ वापरतात, पण ते अन्नातील विघटित अवशेषांतूनही येतात, एवढे भान ठेवावे.

आणखी एक गोष्ट, जी माझ्या मते सर्वांत जास्त दुर्लक्षित राहते: आपल्याकडे दोन-तीन औषधे एकाच पंपात मिसळतात. सायपरमेथ्रिनसारखी पायरेथ्रॉइडे (कीटकनाशकांचा वेगळा गट) कोलिनेस्टरेजला हात लावत नाहीत. रक्ताचा अहवाल स्वच्छ आला म्हणून संपर्क झालाच नाही, असे लिहू नये. मजुराला औषधाचे नाव विचारून थांबू नका, डबा पाहा.

कपाशी_वणी
दोघांचेही आभार. पंपात पाणी भरणाऱ्या आणि औषध कालवणाऱ्या बायकांनाही अभ्यासात घ्यावे काय? त्यांच्या नावावर एकही पंप लागत नाही.

जीवरसायन
अवश्य घ्यावे, कालवताना हाताला लागते ते पाणी न मिसळलेले मूळ औषध असते. मात्र गरोदरपणात प्लाझ्मातील कोलिनेस्टरेज एरवीही उतरते, कुपोषणात आणि यकृताच्या आजारातही तसेच होते. त्यांच्यासाठी लाल पेशींची तपासणी धरावी आणि नमुने काढल्याबरोबर बर्फावर ठेवावेत. टोचण्यापूर्वी त्यांचे हात साबणाने धुवून घ्या, नाहीतर कातडीवरचे औषध नमुन्यात उतरेल.