मदत हवी आहे : मारबत सगळ्यांची, पण एकांकिका माझी ना?

नमस्कार मंडळी. मी नागपूरच्या महालातली, हौशी लेखिका. मागच्या वर्षी एकांकिका लिहिली: इतवारीतला बडगे (पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबतीच्या मिरवणुकीत निघणारे, नंतर जाळले जाणारे पुतळे) बांधणारा म्हातारा कारागीर, ज्याला शेवटी स्वतःचाच बडग्या बांधावा लागतो. एका नाट्यमंडळाला व्हॉट्सॲपवर पीडीएफ पाठवली, वाचनही झालं. मग सगळे गप्प. परवा त्यांचाच प्रयोग पाहिला. नाव वेगळं, गोष्ट तीच! विचारलं तर म्हणे, "ताई, मारबत काय तुमच्या घरची आहे काय?"

नाहीच, साऱ्या नागपूरची आहे. १९५७च्या कॉपीराइट कायद्यात कल्पनेला संरक्षण नाही, मांडणीला आहे, १९७८च्या आर. जी. आनंद खटल्यात सुप्रीम कोर्टानंही हेच सांगितलं, एवढं वाचलंय. पण म्हातारा कामट्या सोलता सोलता उठतो आणि बायकोच्या जुन्या लुगड्याचा सदरा बडग्याला घालतो, हा प्रसंग चार संवादांसकट उचललाय. ही तरी मांडणीच ना?

नोंदणी केलेली नाही. ती सक्तीची नसते, लिहिल्याबरोबर हक्क मिळतो, हे ठाऊक आहे. पण पुरावा म्हणून व्हॉट्सॲपची तारीख आणि खोडाखोडीची वही चालेल का? आता नोंदणी केली तर उपयोग होईल, की उशीर झाला? (स्वतःलाच रजिस्टर पोस्टानं प्रत पाठवा, असं भावजी म्हणतात. मला काही पटलं नाही.)

पैसे नकोत, जाहिरातीत नाव हवंय. आधी साधं पत्र लिहू की थेट वकिलाची नोटीस? नागपुरात या कामातले कोणी वकील माहीत असतील तर कळवा.