सकाळचा पाऊण तास कुणाच्या वाट्याचा?

रंकाळाकाठ
कोल्हापुरात शाहूपुरीतल्या एका ऑफिसात मी अकाउंट्स बघते. घरात दोन मुलं, सासू-सासरे, नवरा. दिवाळीआधी जिना चढताना धाप लागायला लागली म्हणून रक्त तपासलं. हिमोग्लोबिन ९.४. बाईचं निदान १२ तरी हवं. डॉक्टरांनी विचारलं, "सकाळी काय खाता?" मला सांगताच येईना. सगळ्यांचे डबे भरून झाले की उरलेली चपाती चहात बुडवून ओट्याशी उभ्यानंच खायची, हीच माझी न्याहारी. त्यात जेवणाबरोबरच्या चहामुळे लोह अंगी लागत नाही, हे तेव्हा कळलं.

आता गोळ्या चालू आहेत आणि रोज सहा ते पावणेसात रंकाळ्यावर चालते. संध्यामठ दिसला की डोकं शांत होतं. डबे नवरा भरतो. माझं स्पष्ट मत आहे, नोकरी करणाऱ्या बाईनं स्वतःचा वेळ 'उरला तर' वर ठेवू नये. आधी तो काढायचा, मग बाकीचं.

राजारामपुरीची काकू
बाळ, तुझं रक्त वाढायलाच पाहिजे. पण नवरा डबे भरतो म्हणजे नक्की काय करतो? कणीक कोण मळतं? भाजी कोण निवडतं? धाकट्याला उठवून अंघोळीला कोण पाठवतं? माझी सून साडेपाचला योगाला जाते. मी ६७ वर्षांची. ती येईपर्यंत ओट्याशी मी उभी, आणि दुपारी गुडघ्यांना तेल चोळत बसते. सून गुणाची आहे, तिच्याबद्दल तक्रार नाही. पण तिचा तास माझ्या गुडघ्यांतून निघतो, हे कुणीतरी म्हणायला हवं.

गोकुळ शिरगाव, पहिली पाळी
ताई, तुम्ही रंकाळ्यावर असता तवर मी कंपनीच्या गाडीत बसलेली असतो. चारला उठतो, भाकरी थापतो, पोरीची वेणी घालतो आणि पळतो. आठ तास उभ्यानं काम. मला चालायला नका सांगू, मला झोप पायजे. आमच्या लाईनीवरच्या बायका पाणीच कमी पितात, कारण बाथरूमला जायचं तर सुपरवायझरला विचारायला लागतं. दोघींना मूतखडा झाला. 'आधी वेळ काढा' हे ऑफिसवाल्यांचं झालं. आमचा वेळ आमच्या हातात हाय कुठं?

बावड्याचा गडी
काकू, तुमचे गुडघे आणि सुनेचा योग यांच्यात भांडण लागलंय, आणि घरातला पुरुष मात्र सुटलाय. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात स्वतःच्या घरचं काम करणाऱ्या बायकांची दिवसाची २८९ मिनिटं बिनपगारी घरकामात जातात, पुरुषांची ८८. आणि ही ८८ जे पुरुष घरकाम करतात त्यांची! म्हणजे तीन तास एकवीस मिनिटांचा फरक. वेळ शोधायचा तर तिथं शोधा. मी चाळिशीत भाकरी शिकलो. महिनाभर कडा फाटायच्या, पीठ गरम पाण्यात मळलं तेव्हा कुठं जमलं. त्याला 'बायकोला मदत' म्हटलेलं मला आवडत नाही. मीही जेवतोच की.

राजारामपुरीची काकू
तुझं पटलं. पण माझ्या मुलाला हे शिकवलं नाही ते मीच. आता त्याला सांगायला गेलं तर सुनेचीच बाजू घेते म्हणतो. तरी सांगणार आहे.

रंकाळाकाठ
काकू, काल रात्री सासूबाईंना विचारलं. कणीक त्याच मळतात, सहा महिने. मला माहीतच नव्हतं, आणि मी इथं नवऱ्याचं नाव लिहून मोकळी झाले होते. आजपासून रात्रीच कणीक मळून फ्रीजमध्ये ठेवायची, एक दिवस मी, एक दिवस तो. चालणं मात्र सोडणार नाही.

गोकुळ शिरगावच्या ताई, माझं मत तुम्हाला लागू होत नाही, हे मान्य. पण बाथरूमचं सोडू नका. कामगार कारखान्यात असेल तोवर स्वच्छतागृह कधीही वापरता आलं पाहिजे, हे १९४८ च्या कारखाना कायद्यातच लिहिलं होतं. ही काही मेहेरबानी नव्हे.

गोकुळ शिरगाव, पहिली पाळी
हे म्हाईत न्हवतं. एकटी बोलली तर लाईन बदलतात. सोमवारी आम्ही सहाजणी मिळून जातो.