मदत हवी आहे : पोस्ट-टेन्शन्ड बीमच्या केबलचे एलाँगेशन हिशोबापेक्षा आठ टक्के कमी भरले आहे, लॉक करून ग्राउट करावे की थांबावे?

नमस्कार मंडळी,

मी बेळगावात स्ट्रक्चरल डिझाइनचे काम करतो. आजवरचे बहुतेक काम आरसीसीचे आहे. सध्या खानापूर तालुक्यातील एका मंगल कार्यालयाचे काम चालू असून, खाली जेवणाचा हॉल आणि वर लग्नाचा हॉल अशी त्याची मांडणी आहे. पंगतीच्या मध्ये एकही खांब नको, असा मालकांचा आग्रह होता आणि आरसीसीत बीमची खोली परवडण्यापलीकडे जात होती. त्यामुळे १८ मीटर गाळ्याचे, दोन्ही टोकांना साधे टेकलेले बीम पोस्ट-टेन्शन्ड, म्हणजे काँक्रीट घट्ट झाल्यावर आतल्या नळीतून (डक्टमधून) ओवलेल्या पोलादी केबल ताणून दाबाखाली ठेवलेले, करायचे ठरले.

डिझाइन थोडक्यात असे आहे. बीम ४०० मि.मी. रुंद आणि स्लॅबसह १००० मि.मी. खोल आहे, स्लॅब १५० मि.मी. जाडीचा, बीम दर ३ मीटरवर आणि काँक्रीट एम ४० आहे. स्वतःचे वजन १९.७५, फ्लोरिंग वगैरे ४.५ आणि खुर्च्या हलवता येणाऱ्या सभागृहाचा ५ किलोन्यूटन प्रति चौरस मीटर दराने १५, असा एकूण ३९.२५ किलोन्यूटन प्रति मीटर भार येतो. प्रत्येक बीममध्ये १२.७ मि.मी. व्यासाच्या ७ स्ट्रँडची (पोलादी तारांच्या पिळांची) एक, अशा ३ केबल आहेत. सर्व घटी वजा जाता स्ट्रँडमध्ये ११०० मेगापास्कल उरतील असे धरले, तर तिन्ही केबलचे मिळून बल २२८० किलोन्यूटन होते. पॅराबोलाचा झोल ५६० मि.मी. असल्यामुळे या केबल बीमला मीटरमागे ३१.५ किलोन्यूटनने वर उचलून धरतात. उरलेल्या भाराखाली गाळ्याच्या मध्यावर तळाला जेमतेम ०.३ मेगापास्कल ताण येतो. आयएस १३४३ या प्रीस्ट्रेस्ड काँक्रीटच्या भारतीय मानकाच्या टाइप २ मध्ये (थोडा ताण चालतो, पण दिसणारी भेग नको) ३ मेगापास्कलपर्यंत ताण चालत असल्यामुळे इथपर्यंत मी निश्चिंत होतो.

अडचण स्ट्रेसिंगच्या, म्हणजे केबल ताणण्याच्या, वेळी उभी राहिली. जॅकजवळचा ताण अंतिम सामर्थ्याच्या ७५ टक्के, म्हणजे १८६० पैकी १३९५ मेगापास्कल ठरवला होता. केबलमागे सुमारे ९६४ किलोन्यूटन. ताण एकाच टोकाकडून द्यायचा आहे. गॅल्व्हनाइज्ड डक्टसाठी घर्षण गुणांक ०.२० आणि वॉबल गुणांक (डक्टच्या नकळत राहणाऱ्या वाकडेपणाचा) मीटरमागे ०.००३० धरला, स्ट्रँडचे क्षेत्रफळ ९८.७ चौ. मि.मी. आणि लवचिकता गुणांक १९५ गिगापास्कल धरला, की एलाँगेशन, म्हणजे केबलच्या लांबीतली वाढ, १२२ मि.मी. यायला हवे. पहिल्या बीमच्या पहिल्या केबलला २० टक्के बलावर ढील काढून स्ट्रँडवर रंगाची खूण केली. पुढे ४०, ६०, ८० आणि १०० टक्क्यांना टेपने मोजले, तेव्हा वाढ अनुक्रमे २३, २२, २३ आणि २२ मि.मी. भरली. एकूण ९० आले, म्हणजे शून्यापासून धरल्यास ११२.५. हिशोबापेक्षा साधारण १० मि.मी., म्हणजे आठ टक्के कमी. मर्यादा पाच टक्क्यांची आहे.

ठेकेदाराचे म्हणणे असे, की गेजवर ठरलेला दाब आला म्हणजे बल आले, आता लॉक करून (पाचरीसारख्या वेजने स्ट्रँड टोकाच्या अँकरेजमध्ये पकडून) पुढे जाऊ. आणि एलाँगेशन हवेच असेल तर दाब आणखी पाच टक्के वाढवून उरलेले मिलिमीटर काढून देतो. जॅकचे कॅलिब्रेशन सर्टिफिकेट त्याच्याकडे आहे, जुने नाही. वाटेत जॅकचा गेज फुटला होता, तो उद्यमबागेतून बदलून आणला, एवढाच काय तो फरक. सध्या केबल त्याच दाबाला लॉक केली आहे, स्ट्रँडची शेपटे कापू दिलेली नाहीत आणि उरलेल्या केबलना हात लावू दिलेला नाही.

प्रश्न दोन आहेत. ही तूट नेमकी कुठून आली हे बीम न फोडता कसे शोधावे? आणि ती तशीच राहिली तर डिझाइनला धोका किती?

प्रतिसाद १

पाच टक्के जास्त दाब मुळीच देऊ नका. आयएस १३४३ च्या २०१२ च्या आवृत्तीत अँकरेजजवळच्या सुरुवातीच्या ताणाला अंतिम सामर्थ्याच्या ७६ टक्क्यांची मर्यादा आहे. तुम्ही ७५ वर आहात. त्यावर पाच टक्के वाढवले की ७८.७५ होतात, आणि गेज खरा बोलत असेल तर स्ट्रँड विनाकारण धोक्यात येते. मिलिमीटर कमी आहेत म्हणून दाब वाढवायचा हा उपाय साइटवर सर्रास चालतो. पण दोन मोजमापांत मेळ नसताना त्यातले सोयीचे तेवढे खरे मानण्यासारखे ते आहे. माझा अंदाज घर्षणाचा आहे. डक्ट खरोखर गॅल्व्हनाइज्ड आहे की साधी काळी, हे पाहून घ्या.

धागाकर्ता

आभारी आहे, सर. डक्ट गॅल्व्हनाइज्डच आहे. तरीही साध्या पत्र्याच्या डक्टचे गुणांक, म्हणजे ०.२५ आणि ०.००४६, घालून पाहिले. एलाँगेशन १२२ वरून १२० वर येते. १० मि.मी. ची तूट त्यातून भरून निघत नाही.

प्रतिसाद २

तुम्ही हा शेवटचा हिशोब करून पाहिलात ते बरे झाले, कारण प्रश्नाची किल्ली त्यातच आहे. १८ मीटरच्या केबलमध्ये एलाँगेशन घर्षणाला फारसे दाद देत नाही. सगळा दोष घर्षणावर टाकायचा म्हटले तर गुणांक कुठपर्यंत न्यावे लागतील हे उलट काढून पाहा. ११२.५ मि.मी. येण्यासाठी दूरच्या टोकाला बल २४ टक्क्यांनी घटलेले असावे लागते. तुमच्या हिशोबात ही घट १० टक्के आहे. वॉबल गुणांक चौपटीहून जास्त धरल्याशिवाय हे जमत नाही. व्हायब्रेटरने डक्ट चेपली असेल किंवा सांध्यातून स्लरी आत जाऊन स्ट्रँड धरून बसली असेल, तरच असे घडते. ते अशक्य नाही, पण निदान करायला तो शेवटचा पर्याय आहे.

त्याआधी तुटीचे दोन ढीग करा. पहिल्या ढिगात अशी कारणे ठेवा, की ज्यांत बल पूर्ण आले आहे आणि आपला हिशोबच लांब होता. स्ट्रँडचा लवचिकता गुणांक १९५ ऐवजी २०० गिगापास्कल निघाला, तर १२२ चे ११९ होतात. क्षेत्रफळ ९८.७ ऐवजी १०० चौ. मि.मी. असले, तर तेच बल थोड्या जाड तारेवर पडते आणि आकडा आणखी दीड मिलिमीटरने उतरतो. ही माहिती त्या रिळाच्या मिल सर्टिफिकेटवर छापलेली असते. ते सर्टिफिकेट फाइलमध्ये असतेच, फक्त स्ट्रेसिंगच्या आधी ते कोणी उघडत नाही. या कारणांनी गेलेले मिलिमीटर निरुपद्रवी आहेत.

दुसऱ्या ढिगातली कारणे अशी, की ज्यांत केबलला बल खरोखरच कमी मिळाले आहे : जॅकमधले अंतर्गत घर्षण, खोटे दाखवणारा गेज आणि अडकलेली डक्ट. टेपवर दोन्ही ढीग सारखेच दिसतात. तुमच्या चारही टप्प्यांची वाढ जवळजवळ समान आहे, यावरून ढील राहिली नव्हती आणि वेज घसरले नाहीत एवढे कळते. घर्षण आणि लवचिकता गुणांक यांतला फरक त्यातून कळत नाही, कारण दोन्हींचा आलेख सरळ रेषेतच येतो.

आता गेजबद्दल. आपण तो ओझरता उल्लेख केला आहे, पण माझी नजर तिथेच थांबली. कॅलिब्रेशन एकट्या जॅकचे नसते. जॅक आणि गेज या जोडीचे असते. गेज बदलला त्या क्षणी ते सर्टिफिकेट निकामी झाले, मग त्यावरची तारीख कितीही ताजी असो.

डक्ट अडकली आहे का, हे तपासायला दूरच्या टोकाला लिफ्ट-ऑफ करा. तिकडेही वेजचे अँकरेज असेल आणि शेपटे शाबूत असतील, तर बेअरिंग प्लेटवर खुर्ची (जॅकला टेकू देणारी चौकट) ठेवून त्याच जॅकने हळूहळू ताण द्या आणि अँकर हेड प्लेटवरून सुटते तो दाब टिपा. लॉक करताना वेज सुमारे ६ मि.मी. आत बसतात. त्याचा परिणाम जॅकच्या टोकापासून साधारण १२.४ मीटरपर्यंतच जातो, म्हणून दूरच्या टोकाचे बल त्याने बिघडलेले नसते. डक्ट मोकळी असेल तर तिथे ८६९ किलोन्यूटनच्या आसपास दिसेल. अडकली असेल तर ७३० च्या आसपास. गेज खोटा असला तरी दोन्ही टोकांना तोच वापरल्यामुळे गुणोत्तर बिघडत नाही, म्हणून या चाचणीपुरता तो चालेल.

जाता जाता एक गोष्ट सांगतो. इतक्या आखूड केबलमध्ये सगळे जण घर्षणाची काळजी करतात आणि वेजच्या या सहा मिलिमीटरकडे कोणी पाहत नाही. तुमच्या केबलला जॅकच्या टोकाशी त्यामुळे सुमारे १९० मेगापास्कलची घट येते आणि गाळ्याच्या मध्यावर ५० ची. घर्षणाची मध्यापर्यंतची घट ७० आहे. वेज नेमके किती आत गेले हे लॉक करताना मोजून ठेवा. सहा धरून आठ निघाले तर हिशोब पुन्हा करावा लागेल.

आपल्या दुसऱ्या प्रश्नाबद्दल : डक्ट खरोखर अडकली आहे असे धरले, तर या एका केबलचे मध्यावरचे बल आठ टक्क्यांनी आणि तिन्हींचे मिळून पावणेतीन टक्क्यांनी कमी होते. तळाचा ताण ०.३ वरून ०.७ मेगापास्कलवर जाईल. टाइप २ साठी अजून भरपूर वाव आहे. ग्राउट, म्हणजे डक्टमध्ये भरायचे सिमेंटचे पातळ मिश्रण, नीट भरले असेल तर बीमच्या अंतिम सामर्थ्यात जाणवण्याइतका फरक पडत नाही, कारण मोडण्याच्या सुमाराला स्ट्रँडमध्ये सुरुवातीला किती ताण होता याला फारसे महत्त्व उरत नाही. म्हणजे एका केबलपुरता धोका लहान आहे. पण खोटा गेज घेऊन पुढच्या सगळ्या बीमच्या केबल ओढल्या गेल्या, तर तूट एका केबलची राहणार नाही. म्हणून काम थांबवलेत ते योग्यच केलेत.

धागाकर्ता

सर, आपण सांगितल्याप्रमाणे तपासणी केली. मिल सर्टिफिकेटवर लवचिकता गुणांक २०० गिगापास्कल आणि क्षेत्रफळ १०० चौ. मि.मी. आहे. हे आकडे घातले की अपेक्षित एलाँगेशन ११८ येते आणि तूट साडेचार टक्क्यांवर उतरते.

दूरच्या टोकाला लिफ्ट-ऑफ ८६० किलोन्यूटनच्या दाबाला झाला. अँकर हेड आणि प्लेट यांच्या फटीत पातळ पत्र्याची पट्टी धरून पाहत होतो. ती सहज सरकू लागली तो आकडा घेतला. त्यावरून डक्ट मोकळी आहे असे मी समजतो.

त्यानंतर पंपाला टी जोडून नव्या गेजशेजारी तपासलेला मास्टर गेज लावला. ठेकेदाराचा गेज सर्व टप्प्यांवर सुमारे चार टक्के जास्त दाखवतो. ११८ मधून तेवढे कमी केले की ११३ उरतात आणि आपली मोजणी ११२.५ आहे.

आता कागदावर तूट साडेचार टक्के, म्हणजे मर्यादेच्या आत दिसत असल्यामुळे ठेकेदार पुन्हा ग्राउटची घाई करत आहे. पाऊस तोंडावर आला आहे आणि इकडे कणकुंबीच्या बाजूला तो एकदा लागला की उसंत देत नाही, हे त्याचे म्हणणे खोटे नाही. पाच टक्क्यांच्या आत आहे म्हणून स्वीकारावे का?

प्रतिसाद २

स्वीकारू नका. पाच टक्क्यांची सवड कारण सापडत नाही अशा किरकोळ फरकासाठी असते. इथे कारण सापडले आहे आणि ते दुसऱ्या ढिगातले आहे : केबलला चार टक्के बल खरोखर कमी मिळाले आहे. शेपटे शाबूत असताना ते भरून काढायला थोडाच वेळ लागेल. ग्राउट केल्यावर कधीच जमणार नाही.

मास्टर गेज कायमचा पंपावर ठेवा किंवा जॅक आणि ठेकेदाराचा गेज एकत्र लोड सेलवर कॅलिब्रेट करून घ्या. मग हीच केबल त्याच टोकाकडून खऱ्या ९६४ किलोन्यूटनपर्यंत पुन्हा ओढा. मूळ खुणेपासून मोजल्यास ती आणखी पाचेक मिलिमीटर यायला हवी. वेजच्या दातांत स्ट्रँडचा कीस अडकलेला असतो, म्हणून लॉक करताना नवे वेज घाला. उरलेल्या केबलसाठी ११८ हाच आकडा धरा. मात्र स्ट्रँडचे रीळ बदलले तर सर्टिफिकेट पुन्हा पाहा. प्रत्येक रिळाचे आकडे थोडे वेगळे असतात.

पावसाचे म्हणाल, तर रस्ते-पुलांच्या कामात स्ट्रेसिंगनंतर दोन आठवड्यांच्या आत ग्राउट करावे असा दंडक आहे आणि इमारतीतही तो पाळलेला बरा. तोवर व्हेंटच्या नळ्यांना बुचे मारा, अँकरेजवर प्लास्टिक बांधा आणि ग्राउटच्या आधी डक्टमधले पाणी कोरड्या हवेने बाहेर काढा. झोल असलेल्या केबलमध्ये पाणी मध्यावर सर्वांत खाली साचते. आपल्या डक्टला तिथे निचऱ्याची नळी ठेवली आहे का?

धागाकर्ता

होय, प्रत्येक केबलला गाळ्याच्या मध्यावर अर्ध्या इंचाची नळी तळातून बाहेर काढली आहे. मास्टर गेज ठेवून घेतला आहे आणि नवे वेज मागवले आहेत. ही केबल पुन्हा ओढल्यावर एलाँगेशन आणि लॉक करताना वेज किती आत गेले, हे दोन्ही आकडे इथेच लिहितो.