मोफत वकील दिला, म्हणजे न्याय मिळाला का?

वाटसरू: २०२२ च्या सरकारी आकडेवारीनुसार देशातल्या तुरुंगांत दर चार कैद्यांपैकी तीन कच्चे कैदी, म्हणजे खटल्याचा निकाल न लागलेले, होते. जलद सुनावणी हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने हुसैनआरा खातून खटल्यात सांगितलं ते १९७९ साली! माझं म्हणणं असं की विधी सेवा प्राधिकरणाचा, म्हणजे मोफत कायदेशीर मदत देणाऱ्या सरकारी संस्थेचा, वकील नेमला की आपण हात झटकतो. त्या वकिलाकडे ढीगभर केसेस. आरोपीशी बोलणं होतं ते कोर्टाच्या व्हरांड्यात, शेजारी पोलीस उभा असताना.

काळा_कोट: वकिलाला झोडपणं सोपं असतं हो. गार्ड नाही म्हणून आरोपीला आणलंच नाही, साक्षीदाराला समन्स बजावलं नाही, तपास अधिकाऱ्याची बदली झाली. रोजनामे, म्हणजे कोर्टाच्या रोजच्या कामाच्या नोंदी, चाळून बघा, तारखा कशाने पडतात ते. शिवाय आरोपींच्या मोफत बचावासाठी पूर्णवेळ वकील असलेली लोकअभिरक्षक कार्यालयं आली आहेत, तिथल्या वकिलांना खाजगी केसेस घेता येत नाहीत.

वाटसरू: पूर्णवेळ माणूस नेमला, पण त्याने एका वेळी किती खटले घ्यायचे? ते कोण ठरवणार?

शरयू: इथे सगळे आरोपीचीच बाजू मांडताहेत. फिर्यादी बाई वर्षानुवर्षं हेलपाटे घालते, तिचं काय? एका वर्षात निकाल बंधनकारक करा, विषय संपला.

वाटसरू: नाही संपत, शरयूताई. खांडव्याला २०१३ मध्ये बलात्कार-खुनाचा खटला दोन आठवड्यांच्या आत उरकून फाशी सुनावली होती. आरोपीला वकील मिळाला तो आरोप निश्चित झाले त्याच दिवशी. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये तो निकाल रद्द करून खटला पुन्हा चालवायला सांगितला, आणि अशा गंभीर खटल्यांत वकिलाला तयारीसाठी किमान सात दिवस द्या असंही बजावलं. घाई करून मुलीच्या घरच्यांना काय मिळालं? पुन्हा पहिल्यापासून साक्षी.

शरयू: एका टोकाच्या उदाहरणावरून सगळ्यांना ढिलाई देऊ नका. सात दिवस द्या, पंधरा द्या. सात वर्षं कशाला?

काळा_कोट: हे मात्र मान्य. पण तोवर माणूस आतच का? नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या) कलम ४७९ प्रमाणे पहिल्याच गुन्ह्यातला आरोपी त्या गुन्ह्याच्या कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत राहिला की जामिनावर सुटायला हवा. जन्मठेप-फाशीचे गुन्हे सोडून. मेख अशी की एकापेक्षा जास्त केसेस असतील तर हा लाभ नाही. मोबाईलचोरीतल्या पोरांवर तर तीन-तीन केसेस असतात.

शरयू: तीन केसेस असलेल्याला सोडायचं, आणि चौथी झाली की जबाबदार कोण? तुम्ही?