मदत हवी आहे: बाबांची मान छातीकडे झुकत चालली आहे

निशिगंध: हनुवटी छातीला टेकायचीच बाकी आहे. समोरच्याशी बोलताना बाबा नुसते डोळे वर करून बघतात. एक डॉक्टर म्हणतात पुढून ऑपरेशन, दुसरे म्हणतात मागून हाड कापून. एमआरआय झालाय. कोणाचं ऐकू? मंगळवारी कळवायचंय.

पायवाट: वय? आधी मानेचं काही ऑपरेशन? उताणं झोपल्यावर डोकं गादीला टेकतं का?

सदाफुली: ऑपरेशन नकोच. मोबाइल खाली धरून बघणं सोडलं आणि माझी मान महिन्यात मोकळी झाली.

पायवाट: ताई, तुमची मानदुखी होती. यांच्या मानेला बाक आलाय.

निशिगंध: वय 68. डोकं टेकत नाही, दोन उशा लागतात. 6 वर्षांपूर्वी मागून ऑपरेशन झालं होतं, दाब काढायला. स्क्रू नाहीत. शर्टाची बटणं आई लावून देते, पण ते वयामुळे असेल.

पायवाट: अहो, हे आधी सांगायचं! दाब काढायला मणक्यांची मागची हाडाची कमान काढली आणि स्क्रू घातले नाहीत, तर काहींची मान पुढे वाकत जाते. बटणं लागत नाहीत म्हणजे मज्जारज्जूवर पुन्हा दाब असू शकतो. चालताना तोल जातो का? लघवीवर ताबा आहे ना? हे मंगळवारपर्यंत थांबवू नका, डॉक्टरांना आजच सांगा.

गवतफूल: माझं पुढून झालं. तीन आठवडे गिळायला त्रास, मग ठणठणीत. पुढूनच करा.

पायवाट: तुमची मान झोपल्यावर सरळ व्हायची का? लवचिक बाक पुढून सुधारू शकतो. मागचे सांधे जुळून गेले असतील तर नुसतं पुढून भागत नाही. ते सीटी स्कॅनमध्ये कळतं. मागून हाड कापायचं तर बहुधा मानेचा सातवा मणका निवडतात, कारण मेंदूकडे जाणारी धमनी सहसा सहाव्यापासून मणक्यांच्या छिद्रांत शिरते.

गवतफूल: व्हायची सरळ. बरं, मग माझं उदाहरण इथे लागू नाही.

सदाफुली: उशी कापसाची की फोमची?

पायवाट: निशिगंध, एमआरआय झोपवून काढतात, त्यात खरा बाक दिसत नाही. पूर्ण पाठीच्या कण्याचा उभ्याने एक्स-रे झालाय का? त्यात मानेच्या दुसऱ्या मणक्यातून सोडलेली उभी रेघ सातव्याच्या किती पुढे पडते ते मोजतात. 4 सेंमीच्या वर गेली तर त्रास जास्त असतो. हाडांची घनताही तपासून घ्या, ठिसूळ हाडात स्क्रू धरत नाहीत.

निशिगंध: एक्स-रे फक्त मानेचा आहे, तोही बसवून. सीटी नाही. लघवी ठीक आहे, पण जिना उतरताना आता कठडा सोडत नाहीत. फोन लावतोय.