नातवाच्या किटमधला पंखा एलईडी जोडला की फिरत नाही

निवृत्त_कंडक्टर
एकतीस वर्षं एसटीत तिकिटं फाडली, विजेतलं फ्यूज बदलण्यापलीकडे काही कळत नाही. तिसरीतला नातू सुट्टीला आलाय. मामाने त्याला इलेक्ट्रॉनिक्सचं किट दिलंय. झबल्याला असतात तशी टिचबटणं, पट्ट्या एकमेकींवर दाबायच्या, डाग द्यायची भानगड नाही. दोन पेन्सिल सेल, स्विच, मोटर आणि तिच्यावर लाल पातं एवढं जोडलं की पंखा झकास फिरतो.

पण साहेबांना पंख्याबरोबर दिवाही हवा. त्याने वाटेत लाल एलईडी घातला. दिवा काजव्याइतका लागला, पंखा ढिम्म. मला वाटलं जोर कमी पडतोय, म्हणून घरातली चौकोनी ९ व्होल्टची बॅटरी लावली. एलईडी असा लखलखला की पोरगं टाळ्या पिटायला लागलं. टाळ्या थांबायच्या आत दिवा कायमचा गेला. आता तो माझ्याकडे, सुटे परत न दिलेल्या कंडक्टरकडे बघावं तसा बघतोय. किटमध्ये हिरवा एलईडी शिल्लक आहे, तो तरी वाचवायचाय.

चहा_खारी
मोटर गेली असणार. बदलून टाका.

निवृत्त_कंडक्टर
अहो, एकटी असली की फिरते ना!

रिवाइंडिंगवाला
काका, मोटर ठणठणीत आहे. तुम्ही दोघांना एकाच रांगेत उभं केलंत, म्हणजे सिरीजमध्ये. एलईडीचं पोट २० मिलिअँपिअर करंटमध्ये भरतं. खेळण्यातल्या मोटरला मोकळी फिरतानाच शंभराच्या वर लागतात, पातं लावलं की आणखी, आणि जागची हलताना तर त्याच्या कितीतरी पट. शिवाय लाल एलईडी ३ व्होल्टमधले जवळपास २ स्वतःच खातो. मोटरला उरतं काय?

तुम्ही एसटीतले, तुम्हाला हे रोज दिसलंय. पहाटे ड्रायव्हरने स्टार्टर मारला की गाडीतले दिवे क्षणभर मंद व्हायचे ना? मोटर सगळ्यात जास्त ओढते ती सुरू होतानाच.

उपाय सोपा आहे. मोटर थेट सेलवर ठेवा आणि एलईडीला त्याच दोन टोकांवरून वेगळी वाट द्या. शाळेच्या पुस्तकात याला समांतर जोडणी म्हणतात. एलईडीच्या वाटेत किटमधला १०० ओहमचा रेझिस्टर, म्हणजे करंटला आवर घालणारा तुकडा, घाला. आणि ती चौकोनी बॅटरी लांब ठेवा. ती एलईडीला जाळते, पण मोटरला लागणारा करंट तिला फार वेळ झेपत नाही.

आता एक गंमत. एलईडीऐवजी टॉर्चचा जुना फिलामेंटचा बल्ब मोटरच्या सिरीजमध्ये लावा, सेल मात्र चार घ्या. पंखा फिरताना बल्ब मिणमिणेल. मग मोटरचा दांडा चिमटीत धरून थांबवा, बल्ब उजळेल. फिरणारी मोटर सायकलच्या डायनामोसारखी उलट दाब तयार करते, ती थांबली की तो दाब जातो आणि करंट वाढतो. आमच्या दुकानात सिरीज बोर्डावर, म्हणजे वाटेत एक बल्ब जोडलेल्या बोर्डावर, मिक्सर तपासतात तो याच हिशेबाने. बल्ब पूर्ण पेटला की समजायचं, मोटर जाम आहे नाहीतर आत शॉर्ट.

दोन_पोरांची_आई
मोटरच्या दोन वायरींची अदलाबदल केलीत तर पातं उलटं फिरेल. आमच्या किटमध्ये तसं केलं आणि स्विच सोडला की पातं सुटून वर उडतं. स्विच दाबलेला असताना नाही, सोडल्यावर! मोटर लवकर मंदावते, पातं आपल्याच वेगात असतं, म्हणून निसटतं. पोराला वरून वाकून बघू देऊ नका. आमच्याकडे थोरल्याच्या भुवईला लागलं होतं.

निवृत्त_कंडक्टर
जमलं! हिरवा एलईडी आणि पंखा दोन्ही चालू. स्विच दाबताना एलईडी किंचित डुलतो, अगदी स्टार्टरच्या वेळच्या दिव्यासारखा. सेल नवे घातले तर ते डुलणं जवळजवळ दिसत नाही, म्हणून नातवाने मुद्दाम जुनेच परत घातले. बल्बचा प्रयोगही झाला. टॉर्च आजीची होती, त्याबद्दल आत्ता बोलत नाही.

ताई, तुमचं वाचायच्या आधीच त्याने वायरी उलटल्या होत्या. भुवया शाबूत आहेत. पातं देवघराच्या वर जाऊन पडलंय, स्टूल शोधतोय.