मदत हवी आहे: छोट्या बारमध्ये टिप कशी वाटता?

मंडळी, पुण्यात आमचा छोटासा कॉकटेल बार आहे, आजूबाजूच्या सोसायट्यांमधली नेहमीचीच माणसं येतात, कधीकधी काकू मंडळीही येऊन निवांत गप्पा मारत बसतात, मला ते फार आवडतं. प्रश्न स्टाफचा आहे. सर्व्हिस चार्ज बिलात आपोआप लावता येत नाही, २०२२ च्या गाइडलाइन्स आहेत आणि २०२५ ला दिल्ली हायकोर्टानेही त्या उचलून धरल्या, आणि खरं सांगू तर मलाही ते पटतं, पगार मालकाने द्यायचा. पण टिप आता बहुतेक यूपीआयने बारच्याच खात्यात येते, मग वाटायची कशी? बारटेंडर म्हणतो गिऱ्हाईक माझ्यामुळे येतं (त्याचं कोकम-जिन खरंच भारी असतं), पण आत लिंबं पिळणारा, ग्लास धुणारा पोरगा कोणाला दिसतच नाही. तासांप्रमाणे वाटलं तर वेटर नाराज, पॉइंट लावले (म्हणजे प्रत्येकाच्या कामाला गुण देऊन त्या प्रमाणात वाटलं) तर रोज हिशोबावरून कटकट.

शिवाय आता बारवर एक मुलगी जॉइन होतेय. रात्री साडेनऊनंतर काम म्हणजे तिची संमती आणि घरी सोडायची सोय लागतेच, ते करणारच, पण तुम्ही ठरलेला रिक्षावाला ठेवता की स्वतःची गाडी? आणि लगट करणाऱ्या जुन्या गिऱ्हाइकाला तमाशा न होता बाहेर कसं काढता? पार्टनर म्हणतो दुर्लक्ष कर, मला अजिबात मान्य नाही.

बार चालवणाऱ्यांनी सांगाच, वेटर-बारटेंडर लोकांनी तर आधी सांगा. दारू वाईट असते वगैरे प्रवचन प्लीज नको.